चाकाखालचं लिंबू आणि गाडीतलं लिंबू: नवी गाडी सदोष निघाली तर कायदा काय देतो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बऱ्यापैकी काढून टाकलेत. काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी वकील नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, बीटेक केलंय आणि आयुष्यातली पहिली गाडी घेतल्यावर सात-आठ महिने कायद्याची कलमं वाचत बसायची वेळ आली. त्या वाचनातून जे कळलं ते आज सांगतोय. तुमचं प्रकरण मोठं असेल तर वकिलाला भेटाच. पण भेटायला जाताना काय विचारायचं, हे माहीत असलं की निम्मं काम होतं.

तर दसऱ्याच्या दिवशी शोरूममधून गाडी घेतली. आईने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. बाबा स्टिअरिंगवर बसले. बाबा म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, ३१ वर्षं नोकरी. गाडीच्या डाउन पेमेंटमध्ये त्यांच्या फंडाचे पैसे होते, त्यामुळे लिंबं चिरडायचा मान त्यांचाच.

डिसेंबरात आम्ही पुण्याहून गावी निघालो. कोरेगावच्या बाजूला आमचं गाव. खंबाटकी घाट चढताना, पाच माणसं आणि डिकीत सामान, अशी गाडी भरलेली असताना एकदम ताकद गेली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी वीसच्या वर जाईना. मागे ट्रकची रांग, हॉर्नचा नुसता गोंगाट. बाबांनी शांतपणे गाडी कडेला घेतली, बंद केली, पुन्हा चालू केली. दिवा गेला, गाडी ठीक. आमच्या ऑफिसात कुठल्याही आजारावर जो पहिला उपाय करतात, तोच इथे लागू पडला. पण उपाय लागू पडला म्हणजे आजार गेला, असं नसतं.

पुढच्या चार महिन्यांत हे पाच वेळा झालं. पाच वेळा वर्कशॉप, एकूण ४१ दिवस गाडी त्यांच्याकडे. पहिल्यांदा म्हणाले पेट्रोल खराब असेल. दुसऱ्यांदा सॉफ्टवेअर अपडेट केलं. तिसऱ्यांदा जॉब कार्डवर लिहिलं, 'तक्रार आढळली नाही'. आणि चौथ्यांदा सर्व्हिस ॲडव्हायझर, साधारण माझ्याच वयाचा मुलगा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, काकांचं ड्रायव्हिंग जुन्या पद्धतीचं आहे. चुकीच्या गिअरमध्ये चढ चढवला की असं होतं."

बाबा मागेच उभे होते. त्यांनी ऐकलं. काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून ते त्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवर बसेनात.

माझ्यासाठी तिथून हा विषय सुरू झाला.

'लिंबू कायदा' म्हणजे काय?

इंटरनेटवर शोधायला लागलो की पहिला शब्द दिसतो तो 'लेमन लॉ'. अमेरिकेत बोलीभाषेत वरून छान दिसणाऱ्या पण आतून खराब निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणतात. म्हणजे आपण ज्या लिंबाने दृष्ट काढतो, तेच तिकडे गाडीच्या आत निघतं. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली याच शब्दावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचा मुद्दा जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल होता: विकणाऱ्याला माल कसा आहे ते माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं आणि या तफावतीमुळे अख्खा बाजार बिघडतो. २००१ साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते माहितीच्या या असमान वाटणीवरच्या कामासाठीच.

नव्या गाडीत ही तफावत वेगळ्या रूपात येते. गाडी बिघडली हे मला कळतं. का बिघडली, हे फक्त कंपनीला कळू शकतं. निदानाची सगळी साधनं त्यांच्याकडे, डिझाइन त्यांच्याकडे आणि जॉब कार्डावर काय लिहायचं ते ठरवणारा पेनही त्यांच्याकडे.

अमेरिकेतल्या राज्यांनी यावर आकड्यांचा उपाय काढला. १९८२ साली कनेक्टिकटने असा पहिला कायदा केला आणि मग बाकी राज्यंही त्या वाटेने गेली. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. गाडी घेतल्यापासून १८ महिने किंवा १८,००० मैल, यातलं जे आधी होईल त्या मुदतीत, एकच दोष चार किंवा जास्त वेळा दुरुस्त करूनही गेला नाही, किंवा जीवावर बेतेल असा दोष दोनदा प्रयत्न करूनही राहिला, किंवा गाडी एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर कंपनीला दुरुस्तीची पुरेशी संधी मिळाली असं कायदा गृहीत धरतो. त्यानंतर गाडी बदलून द्या किंवा पैसे परत करा.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने पहिल्या ३० दिवसांत सदोष वस्तू सरळ परत करण्याचा हक्क दिला. त्यानंतर दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते, ती फसली तर पुन्हा परत करण्याचा हक्क मिळतो. आणि पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असं मानलं जातं. तो नव्हता, हे विकणाऱ्याने सिद्ध करायचं.

मी हे वाचून बोटं मोजली. आमचे पाच प्रयत्न, ४१ दिवस. कॅलिफोर्नियात असतो तर दोन्ही निकषांत बसलो असतो.

पण आम्ही सातारा रस्त्यावर होतो.

मग भारतात काय आहे?

भारतात गाड्यांसाठी असा वेगळा 'लिंबू कायदा' नाही. 'चार वेळा दुरुस्ती फसली की नवी गाडी' असा नियम आपल्याकडे कुठेच लिहिलेला नाही. व्हॉट्सॲपवर कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण याचा अर्थ आपण उघड्यावर आहोत असाही नाही. आपल्याकडे तीन वेगवेगळे कायदे थोडं थोडं संरक्षण देतात.

पहिला, १९३० चा मालविक्री कायदा. माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, ज्या कामासाठी घेतला त्याला उपयोगी असावा, ही अट करारात लिहिलेली नसली तरी बऱ्याच विक्रींमध्ये गृहीत असते. मेख अशी आहे की माल एकदा स्वीकारला की या अटीचं वजन कमी होतं. परत करण्याचा हक्क बहुतेक वेळा जातो, नुकसानभरपाई मागण्याचा उरतो. चावी घेताना आपण ज्या दहा-बारा कागदांवर धडाधड सह्या करतो, त्यात 'गाडी तपासून समाधानकारक स्थितीत मिळाली' असाही एक कागद असतो. तो सही करण्याआधी वाचायचा असतो. मी वाचला नव्हता. पेढे वाटत होतो.

दुसरा आणि आपल्या खऱ्या कामाचा, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तो २०२० च्या जुलैमध्ये लागू झाला आणि १९८६ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. यात 'दोष' या शब्दाची व्याख्या चांगली रुंद आहे: दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा मानक यांत असलेली कोणतीही खोट, अपूर्णता किंवा उणीव. ग्राहक आयोगाला दोष पटला तर तो दोष काढून द्या, वस्तू बदलून द्या, किंमत व्याजासह परत करा, नुकसानभरपाई द्या, यांतला एक किंवा अनेक आदेश तो देऊ शकतो.

याच कायद्यात 'उत्पादन दायित्व' नावाचं नवं प्रकरण आहे. सदोष उत्पादनामुळे कुणाला इजा झाली, जीव गेला किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर उत्पादक जबाबदार. 'आम्ही निष्काळजी नव्हतो' एवढं सांगून त्याला नेहमीच सुटता येत नाही. मात्र हे नीट लक्षात घ्या: खुद्द गाडीचं नुकसान किंवा वॉरंटी न पाळल्याचं नुकसान या प्रकरणात येत नाही. त्यासाठी साधी 'दोष' आणि 'सेवेतील त्रुटी' ही वाट धरायची. ब्रेक गेले आणि माणूस जखमी झाला, तर दायित्वाची वाट. ब्रेकचा दिवा दर आठवड्याला पेटतोय, तर दोषाची वाट.

तिसरा, मोटार वाहन कायदा. त्यावर शेवटी येतो.

वॉरंटीच्या पुस्तकातलं ते एक वाक्य

ग्लोव्ह बॉक्समधलं वॉरंटीचं पुस्तक काढा. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात या अर्थाचं एक वाक्य सापडेल: कंपनीची जबाबदारी सदोष सुटा भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्यापुरती राहील. सुटा भाग. गाडी नव्हे.

हे वाक्य दिसतं तितकं निरुपद्रवी नाही. २००६ साली मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने याच मुद्द्यावर निकाल दिला. ग्राहकाला गाडी बदलून हवी होती, खालच्या आयोगांनी त्याच्या बाजूने कौल दिला होता. सुप्रीम कोर्ट म्हणालं, वॉरंटीच्या अटींनुसार कंपनीचं बंधन सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं आहे, गाडी बदलण्याचं नाही. दुरुस्तीसाठी ग्राहकाला जम्मूला कराव्या लागलेल्या फेऱ्या वगैरे लक्षात घेऊन ५०,००० रुपये द्यायला सांगितले आणि विषय संपवला. आजही कंपन्यांचे वकील हा निकाल हमखास पुढे करतात.

म्हणून 'मला नवी गाडी द्या' ही मागणी वाटते तितकी सोपी नाही. त्यासाठी दोष मुळातच निर्मितीतला आहे आणि तो दुरुस्त होत नाही किंवा गाडी चालवणं धोक्याचं ठरतं, हे दाखवावं लागतं. काच खाली-वर होत नाही, म्युझिक सिस्टीम हँग होते, यावर नवी गाडी मिळणं अवघड. तिथे दुरुस्ती आणि भरपाई मागणं शहाणपणाचं.

सिद्ध कोणी करायचं?

आमच्या धंद्यात टेस्टर बग नोंदवतो आणि डेव्हलपर उत्तर देतो, 'माझ्या मशीनवर तर चालतंय'. मी स्वतः हे उत्तर कितीतरी वेळा दिलंय. त्यामुळे 'तक्रार आढळली नाही' हे वाचताना मला राग आला तसं थोडं ओशाळल्यासारखंही झालं.

कायद्यात प्राथमिक भार तक्रारदारावर असतो. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरायला लावली जाऊ शकते. गाड्यांच्या प्रकरणात तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून तक्रारी पडल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे दोष तांत्रिक आणि लपलेला असेल तर तक्रारीसोबतच 'स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी' असा अर्ज देणं महत्त्वाचं. आयोग आपणहून करेल, या भरवशावर राहू नका.

पण दुसरी बाजूही आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने ह्युंदाई क्रेटाच्या एका प्रकरणात निकाल दिला. गाडी २०१५ साली घेतलेली. २०१७ साली दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला, पुढच्या बाजूचं बरंच नुकसान झालं, पण एअरबॅग उघडल्या नाहीत. मालकाला डोक्याला, छातीला इजा झाली. कंपनीचं म्हणणं होतं की एअरबॅग उघडायला समोरून पुरेसा जोर लागावा लागतो, तो लागला नव्हता. कोर्टाचं उत्तर मला फार आवडलं. थोडक्यात ते असं: वेग आणि बल यांची गणितं मांडून धडकेचा जोर किती ते काढायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो. सुरक्षेची सोय आहे असं सांगून गाडी विकली, तर सामान्य माणसाची अपेक्षा ती सोय चालेल अशीच असणार. अशा वेळी घटनाच पुरेशी बोलकी ठरते. दिल्लीच्या राज्य आयोगाने दिलेली ३ लाखांची भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कोर्टाने कायम ठेवला.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघा. २००६ मध्ये गाडी बदलायला नकार, २०२२ मध्ये होकार. दोष सुरक्षेशी थेट जोडलेला असेल आणि त्याचा परिणाम कागदावर स्पष्ट दिसत असेल, तर पारडं ग्राहकाकडे झुकायची शक्यता वाढते.

तक्रार कोणाविरुद्ध?

डीलर म्हणतो, गाडी मी बनवली नाही. कंपनी म्हणते, गाडी मी तुम्हाला विकली नाही. दोघंही खरं बोलत असतात, हीच गंमत.

सर्वसाधारण नियम म्हणजे दोघांनाही पक्षकार करा. पण नुसतं नाव घालून भागत नाही. गोव्यातलं एक प्रकरण २०२१ साली सुप्रीम कोर्टात निकाली लागलं. ग्राहकाने २०११ चं मॉडेल म्हणून टाटाची गाडी घेतली आणि हातात आली २००९ ची. आयोगाने डीलर आणि कंपनी दोघांना जबाबदार धरलं होतं. सुप्रीम कोर्टाने कंपनीला सोडलं. कारण डीलर हा कंपनीचा दलाल नव्हता, तो कंपनीकडून गाड्या स्वतः विकत घेऊन पुढे विकणारा स्वतंत्र व्यापारी होता. त्याने केलेल्या या प्रकाराची कंपनीला माहिती होती असा ठोस आरोप आणि पुरावाही नव्हता.

यातून दोन धडे. तक्रारीत डीलरने काय चुकीचं केलं आणि कंपनीने काय, हे वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा. आणि गाडी ताब्यात घेतानाच फॉर्म २१, म्हणजे विक्री प्रमाणपत्र, बघा. त्यावर गाडीच्या निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं. इनव्हॉइसवरचा आणि गाडीवरचा चेसिस नंबर जुळतो का तेही ताडून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांचा नेहमीचा प्रश्न: गाडी कंपनीच्या नावावर असेल तर? कायद्यात 'व्यावसायिक हेतूने' घेतलेली वस्तू ग्राहकाच्या व्याख्येबाहेर जाते. पण २०२४ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीने संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी गाडी घेतली तर तेवढ्याने ती व्यावसायिक हेतूची ठरत नाही. आणि स्वतःच्या पोटासाठी स्वतः टॅक्सी चालवणारा माणूसही ग्राहकच असतो, कारण स्वयंरोजगारातून उपजीविका हा अपवाद कायद्यातच दिलेला आहे.

कुठे, किती पैशांत, किती दिवसांत?

आता आकडे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. म्हणजे तुमच्या-माझ्या गाड्या जिल्हा आयोगातच.

फी ऐकून मला दोनदा वाचावं लागलं. ५ लाखांपर्यंत शून्य. ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. १० ते २० लाखांपर्यंत ४०० रुपये. २० ते ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. आमची गाडी तेरा लाखांची, म्हणजे फी ४०० रुपये. शोरूमने आमच्याकडून मड फ्लॅपचे यापेक्षा जास्त घेतले होते.

तक्रार कुठे करायची? पूर्वी कंपनीचं ऑफिस किंवा शाखा जिथे, किंवा घटना जिथे घडली, तिथे जावं लागायचं. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथेही तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय चेन्नईत असो की गुरुग्रामला, तुम्ही साताऱ्यात राहत असाल तर साताऱ्यात. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते, आधी 'ई-दाखिल'वर व्हायची, २०२५ पासून 'ई-जागृती' हे नवं पोर्टल आलंय. वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही.

मुदत दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण त्या भानगडीत पडू नका. 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' करत करत दोन वर्षं कधी जातात कळत नाही.

समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि वेळ जातो. ही तयारी मनात ठेवूनच उतरा. निकाल विरोधात गेला तर कंपनी अपील करू शकते, पण जिल्हा आयोगाने द्यायला लावलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम तिला आधी जमा करावी लागते. ही तरतूद चांगली आहे, नुसता वेळ काढण्यासाठी केलेल्या अपिलांना त्यामुळे थोडा चाप बसतो.

त्याआधीची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. हे कोर्ट नव्हे, ते आदेश देत नाहीत. पण तक्रार कंपनीच्या योग्य माणसापर्यंत पोचते आणि तुमच्याकडे तारखेसह नोंद राहते.

लॉग ठेवा, मंडळी

या सगळ्यात सर्वात कामाची गोष्ट कायद्याची नाहीच, ती सवयीची आहे. सगळं लिहून ठेवा.

गाडी वर्कशॉपला देताना जॉब कार्डवर 'कस्टमर व्हॉइस' नावाचा रकाना असतो. तिथे ॲडव्हायझर 'जनरल चेकअप' लिहून मोकळा होतो. होऊ देऊ नका. 'चढावर पाच जण बसलेले असताना ताकद जाते, पिवळा दिवा पेटतो, किलोमीटर अमुक' असं त्याच्यासमोर लिहून घ्या. गाडी दिल्याची आणि परत मिळाल्याची तारीख दोन्ही कार्डांवर हवी. दरवेळी कार्डाची प्रत मागा. फोनवर बोलणं झालं तरी त्याचा सारांश त्याच दिवशी ईमेलने पाठवा: 'आज आपलं असं बोलणं झालं'. व्हिडिओ काढा, पण शेजारच्याला काढू द्या, गाडी चालवताना स्वतः नाही. आणि बाहेरच्या मेकॅनिककडून वायरिंगला हात लावू नका. मी एक स्वस्तातला स्कॅनर लावून डेटा काढणार होतो. एका मित्राने अडवलं, म्हणाला, तेच कारण सांगून वॉरंटी नाकारतील.

रिकॉल: एकट्याची नाही, सगळ्यांची तक्रार

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलची तरतूद आली आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या वाहनांत सुरक्षेला धोका देणारा दोष असेल आणि ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. सक्तीचा रिकॉल झाला तर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंडाचीही सोय आहे. त्यासाठी परिवहन खात्याच्या पोर्टलवर वाहनमालकाला तक्रार नोंदवता येते.

तुमच्या वैयक्तिक भरपाईसाठी हा मार्ग नाही. पण तुमच्या गाडीतला दोष हजारो गाड्यांत असेल तर तो मोजला जायला हवा, आणि मोजणी तक्रारींचीच होते. आपण नुसतं फेसबुक ग्रुपवर लिहून थांबलो तर ती तक्रार कुठेच मोजली जात नाही.

आमचं काय झालं

मे महिन्यात मी डीलर आणि कंपनी दोघांना नोटीस पाठवली. वकील मित्राने मसुदा तपासून दिला. सोबत पाच जॉब कार्डं, एक तक्ता, दोन व्हिडिओ, टॅक्सीच्या पावत्या. मागणी: दोष शोधा, तोपर्यंत पर्यायी गाडी द्या, नाहीतर जिल्हा आयोगात तक्रार करतो. नोटीस पोचल्यावर पंधराएक दिवसांत कंपनीकडून एक इंजिनिअर आला. लॅपटॉप घेऊन. त्याने विचारलं, "नेमकं कधी होतं?" आठ महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला होता.

मी म्हटलं, चला खंबाटकीला. पाच माणसं, डिकीत सामान. आणि बाबांना म्हटलं, गाडी तुम्ही चालवा. आधी नाही म्हणाले. मग आईने डोळ्यांनीच काहीतरी सांगितलं आणि बसले.

तिसऱ्या वळणानंतर दिवा पेटला. इंजिनिअरच्या लॅपटॉपवर सगळं उमटलं. भरलेल्या गाडीने चढ घेताना इंजिन त्याच्या माउंटिंगवर जरासं कलतं, तेव्हा वायरिंगचा एक जुडगा कडेला घासला जात होता आणि एका सेन्सरची तार मधेच तुटक व्हायची. इंधनाचा दाब कळेना म्हणून कॉम्प्युटर स्वतःहून ताकद कमी करायचा. सपाट रस्त्यावर, एकट्या मेकॅनिकला, हे कधी दिसणारच नव्हतं. त्यांचं 'आढळली नाही' तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं. त्यांनी योग्य जागी बघितलं नव्हतं, इतकंच.

वायरिंग बदलली, वॉरंटी लेखी वाढवून मिळाली, टॅक्सीचा खर्च मिळाला. नवी गाडी मिळाली नाही, आणि आता एवढं वाचल्यावर वाटतं की आयोगात जाऊनही बहुधा मिळाली नसती. दोष एका तारेचा होता आणि ती बदलता येत होती. मी तिथेच थांबलो. तुमच्या बाबतीत थांबायची जागा वेगळी असू शकते.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा बाबांनी काउंटरवर सहावं जॉब कार्ड मागितलं. मी म्हटलं, बाबा, मला ईमेलवर आलंय. म्हणाले, "तुला आलं असेल. मला कागद दे." त्यावर लिहिलं होतं: 'तक्रार आढळली. वायरिंग सदोष.' त्यांनी तो कागद चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला, दुसरा हात पुढे केला आणि म्हणाले, "चावी."

तर मंडळी, जॉब कार्डाच्या प्रती जपून ठेवा. अजून एक, तुमच्या गाडीला असा अनुभव आला असेल आणि तुम्ही आयोगात गेला असाल, तर कसं झालं ते कळवा. जिंकलेलेच नाही, हरलेलेही. हरलेल्यांकडून जास्त शिकायला मिळतं.

भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा.